लोंबलेल्या कुशी आणि एक मिलिमीटरची फट : लोटस ७८ ते लोटस ८०

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात, विंड टनेलमध्ये, रेसिंग गाडीचं पाव मापाचं मॉडेल टांगलेलं होतं. खाली रस्त्याच्या जागी धावणारा पट्टा, समोरून वारा, आणि मॉडेलवर किती जोर पडतोय ते सांगणारा तराजू. काम तसं कंटाळवाणंच. आकार जरासा बदलायचा, वारा सोडायचा, आकडा लिहून घ्यायचा. पण आकडे जुळेनात. रचना तीच, वेग तोच, आणि मघाशी एक आकडा आला तर आता दुसराच.

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण अशा वेळी काय करतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तीन रीडिंगची सरासरी काढतो, आणि त्यातलं एखादं फारच वाकडं असलं तर ते मुळी घेतलंच नव्हतं असं ठरवतो. लोटस या ब्रिटिश फॉर्म्युला वन संघाचे वायुगतिकीचे तज्ज्ञ पीटर राइट यांनी तराजूवरची नजर काढून मॉडेलकडे वळवली. दोन्ही कुशींना लावलेले डबे, म्हणजे साइडपॉड, वारा वाढला की खाली लोंबत होते. वारा थांबला की पुन्हा वर. मॉडेल घाईघाईत केलेलं, फारसं मजबूत नव्हतं. त्यांनी बारीक तारांनी त्या कुशी वर बांधून टाकल्या. आकडे स्थिर झाले, पण खाली दाबणारा जोर कमी झाला.

म्हणजे लोंबणं हा नुसता दोष नव्हता, त्यातून काहीतरी मिळत होतं. कुशीची कड पट्ट्याजवळ गेली की जोर वाढतो, असा त्याचा अर्थ. मग त्यांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कडेला लावून फट मुद्दामच बुजवली. कड आणि पट्टा यांच्यात मिलिमीटरभर जागा उरली, तेव्हा गाडीवरचा एकूण डाउनफोर्स, म्हणजे खाली दाबणारा जोर, जवळजवळ दुप्पट झाला.

फॉर्म्युला स्टुडंट ही विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या छोट्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा. दरवर्षी नवी मुलं तिच्या संघात येतात आणि पहिल्याच बैठकीत म्हणतात, यंदा गाडीला अंडरट्रे, म्हणजे हवेसाठी घडवलेला तळ, लावू या. त्यांना मी आधी हे प्रकरण सांगतो. विंड टनेलमधल्या त्या शोधापेक्षा मला त्याच्या पुढच्या चार वर्षांची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कारण ज्या माणसांनी लोंबणाऱ्या कुशीकडे पाहिलं, त्यांनीच चार वर्षांत अशी गाडी बांधली की तिच्या तळाशी काय चाललंय ते त्यांनाच कळेना.

थोडी मागची हकीकत. १९७५ मध्ये लोटसची अवस्था वाईट होती. १९७० पासून पळवलेली लोटस ७२ थकली होती आणि तिच्या जागी आणलेली ७६ साफ फसली होती. कंपनीचे मालक कॉलिन चॅपमन यांनी लोटसचेच इंजिनीअर टोनी रड यांना लांबलचक टिपण लिहून दिलं आणि केटरिंगहॅम हॉल नावाच्या जुन्या वाड्यात रेसिंगच्या धबडग्यापासून दूर एक छोटा गट बसवला. डिझाइनला राल्फ बेलामी, वायुगतिकीला राइट. चॅपमन स्वतः युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग शिकलेले, पण त्यांची खरी शाळा वेगळी. जुन्या ऑस्टिन सेव्हनवर १९४८ मध्ये त्यांनी आपली पहिली गाडी एका गॅरेजात बांधली होती. स्वस्त ऑस्टिन सेव्हन घ्या आणि ठरल्या नियमांत जे जमेल ते करा, हा त्या काळच्या ब्रिटनमधल्या हौशी मंडळींचा खेळ. इंग्लंडातले कितीतरी रेसिंग इंजिनीअर त्यातूनच वर आले. आजची विद्यार्थ्यांची स्पर्धा म्हणजे त्याच खेळाचं परीक्षा असलेलं रूप.

कल्पनाही कोरी नव्हती. रड आणि राइट यांनी १९६९ मध्ये बीआरएम या दुसऱ्या ब्रिटिश संघासाठी पंखाच्या आकाराच्या गाडीवर काम केलं होतं. ते अर्ध्यावर सुटलं. चॅपमन यांच्या डोक्यात दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो विमान होतं, ज्याचे रेडिएटर पंखाच्या पुढच्या कडेत बसवलेले होते. ही सगळी सामग्री टेबलावर असूनसुद्धा जोर मिळत नव्हता, कारण कडेची फट कुणाच्या डोक्यातच नव्हती. ती मॉडेलच्या कच्चेपणानं दाखवून दिली.

आता यामागचं शास्त्र. घाटात स्कूटरच्या अगदी शेजारून भरधाव एसटी गेली, की आपण तिच्याकडे ओढले जातो. दोघांमधल्या चिंचोळ्या जागेतून हवा वेगानं जाते आणि तिथला दाब घटतो. जुन्या स्प्लेंडरच्या कार्ब्युरेटरमध्ये हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असते, म्हणून तिथे पेट्रोल वर खेचलं जातं. गाडीचा तळ आणि रस्ता यांच्यात अशीच अरुंद होऊन पुन्हा रुंदावणारी वाट केली, तर गाडी खाली खेचली जाते. यालाच व्हेंचुरी म्हणायचं. पण कार्ब्युरेटरची नळी चहूबाजूंनी बंद असते आणि गाडीच्या बोगद्याच्या दोन्ही बाजू उघड्या. बाहेरची हवा कडेनं आत घुसते आणि मिळवलेली पोकळी भरून काढते. म्हणून झालर हवी, तिलाच स्कर्ट म्हणतात. लोटसनं सुरुवातीला ब्रशच्या केसांची झालर लावली. पुढे वर-खाली सरकणाऱ्या कडक पट्ट्या आल्या, रस्त्याच्या उंचसखलपणाबरोबर हलणाऱ्या.

या शोधातून बनलेल्या लोटस ७८ ची पहिली शर्यत १९७७ च्या मोसमात झाली. पाच शर्यती जिंकल्या: मारिओ अँड्रेटी यांनी चार, गुनार निल्सन यांनी बेल्जियममध्ये एक. तरी विजेतेपद निकी लाउडा यांना मिळालं आणि अँड्रेटी तिसरे राहिले. इंजिनं वारंवार दगा देत होती, हे एक. दुसरं कारण शिकणाऱ्यांच्या जास्त कामाचं. ७८ च्या तळाचा ओढा बराच पुढे पडत होता. पुढची चाकं घट्ट, मागची तुलनेनं सैल. तोल साधायला मागे मोठा पंख लावावा लागला, त्यानं हवेचा अडथळा वाढला आणि वळणांवर कमावलेलं सरळ रस्त्यावर गमवावं लागलं. डाउनफोर्स किती, या प्रश्नाइतकाच तो कुठे पडतो हा प्रश्न मोठा असतो. मुलांच्या सादरीकरणात पहिला आकडा दर स्लाइडवर असतो. दुसरा विचारला की एकमेकांची तोंडं पाहिली जातात.

पुढची गाडी, लोटस ७९, हे त्या प्रश्नाचं उत्तर. ७८ मध्ये पेट्रोलच्या टाक्या कुशींमध्येही होत्या. ७९ मध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागे एकच टाकी. कुशी मोकळ्या झाल्या. मागची स्प्रिंगं आत घेतली, म्हणजे बोगद्यातून बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेत काही उरलं नाही. आता व्हेंचुरी मागपर्यंत लांबवता आला आणि दाबाचा मध्य मागे सरकला. इथे वायुगतिकी शिकताना इंधनटाकी, सस्पेन्शन, एक्झॉस्ट, सगळ्यांशी सौदा करावा लागतो. हे शिक्षण एकट्यानं संगणकापुढे बसून मिळत नाही, त्यासाठी शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी भांडावं लागतं.

२१ मे १९७८ रोजी बेल्जियममध्ये झोल्डरला ७९ पहिल्यांदा जगज्जेतेपदाच्या शर्यतीत उतरली. अँड्रेटी पोल पोझिशनवरून, म्हणजे सगळ्यांच्या पुढून, सुटले आणि जिंकले. दुसऱ्या क्रमांकावर सहकारी रॉनी पीटरसन, जुन्या ७८ मध्ये. नवी आणि जुनी गाडी एकाच शर्यतीत एकामागे एक. यापेक्षा स्वच्छ तुलना रेसिंगमध्ये क्वचितच पाहायला मिळते.

प्रतिस्पर्ध्यांचं काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. ब्राबम संघाचे डिझायनर गॉर्डन मरी यांच्या गाडीत अल्फा रोमिओचं बारा सिलिंडरचं आडवं, पसरट इंजिन होतं. ते नेमकं तिथेच पसरलेलं, जिथे बोगदे हवेत. मग त्यांनी मागे भलामोठा पंखा बसवून तळाखालची हवा उपसली आणि इंजिन थंड ठेवण्यासाठी तो लावलाय असं सांगितलं. ती बीटी४६बी नावाची गाडी १९७८ च्या स्वीडिश शर्यतीत लाउडा यांनी जिंकून दाखवली आणि त्या एका शर्यतीनंतर ती मागे घेण्यात आली. फेरारीचंही इंजिन तसंच पसरट. १९७९ चे विजेते जोडी शेक्टर यांना १९८० मध्ये अख्ख्या मोसमात दोन गुण मिळाले. इंजिनाचा निर्णय काही वर्षांपूर्वी झालेला, तेव्हा तळाचा विचारही नव्हता. जुना निर्णय असा नव्या प्रश्नाच्या वाटेत आडवा पडतो.

विद्यार्थ्यांच्या नियमपुस्तकात ही सगळी हकीकत दोन कोरड्या कलमांत दडलेली आहे. फॉर्म्युला एसएई या विद्यार्थ्यांच्याच स्पर्धेच्या नियमांत रस्त्याला टेकणाऱ्या सरकत्या झालरींना बंदी आहे आणि तळाखालची हवा काढायला कुठलंही शक्तीवर चालणारं साधन वापरायला बंदी आहे. पहिलं कलम म्हणजे लोटस ७८, दुसरं म्हणजे ब्राबम. नियम पाठ करणाऱ्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा ती पुस्तक पुन्हा उघडतात, एवढं मात्र खरं.

१९७८ मध्ये अँड्रेटी विजेते झाले, लोटसनं एकूण आठ शर्यती जिंकल्या. पण इटलीत मोंझाला, १० सप्टेंबरला, सकाळच्या सरावात पीटरसन यांची ७९ आदळली आणि शर्यतीला ते जुन्या ७८ मध्ये बसले. सुरुवातीलाच मोठा अपघात झाला, पाय चिरडले, दुसऱ्या दिवशी ते गेले. कागदावर रेघ ओढणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं म्हणून इथे लिहितोय, बाकी त्यावर मला काही म्हणायचं नाही.

आता प्रकरणाचा गाभा. ७९ सगळ्यांना हरवत होती तेव्हाही तिच्यात उणिवा होत्या. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, पिळवटायची, ब्रेक तापायचे. डाउनफोर्स वाढला म्हणजे चाकांवरचा, सस्पेन्शनवरचा, चेसिसवरचा भार वाढला. गाडी पिळवटली की झालर एका बाजूला उचलली जाते आणि कमावलेला ओढा जातो. विल्यम्स संघाच्या पॅट्रिक हेड यांनी ७९ नीट पाहिली, तिच्या तळाची कल्पना घेतली आणि ती कडक चेसिसवर बसवली. त्यांची एफडब्ल्यू०७ १९७९ मध्ये आली आणि १९८० मध्ये तिच्या सुधारित रूपात अ‍ॅलन जोन्स जगज्जेते झाले. शोध लोटसचा, पीक विल्यम्सच्या घरी. माझ्या मते हेड यांचं काम कमी चमकदार, पण इंजिनीअरिंग म्हणून जास्त भरीव आहे. कल्पनेचं कौतुक करत न बसता ती कुठे वाकतेय, एवढंच त्यांनी पाहिलं.

आणि लोटस? लोटसनं पुढची उडी मारली. बोगदे जर इतके चांगले, तर गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंत बोगदाच करू, पंखांची गरजच काय! ही १९७९ ची लोटस ८०. झालरही आता गाडीच्या वळणदार आकाराप्रमाणे वाकलेली. सरळ पट्टी सरळ खाचेत वर-खाली सहज सरकते. वाकलेली पट्टी वाकलेल्या खाचेत अडकते. घरातलं कपाटाचं सरकतं दार जरा पिळवटलं की काय होतं ते आठवा. झालर वरच अडकली की बाहेरची हवा आत, ओढा एकदम नाहीसा, आणि ड्रायव्हर भर वळणावर.

त्यात भर उसळीची. वेग वाढला की गाडी खाली खेचली जाते, फट कमी होते, ओढा आणखी वाढतो, गाडी आणखी खाली. एका टप्प्यावर फट इतकी लहान होते की हवेची वाटच तुंबते. ओढा कोसळतो, स्प्रिंगं गाडीला वर ढकलतात, वाट मोकळी होते, ओढा परत. सेकंदात कित्येकदा. समुद्रात पाण्याबाहेर उड्या घेत जाणाऱ्या पॉरपॉइझ या डॉल्फिनसारख्या प्राण्यासारखी गाडी खालीवर होते, म्हणून इंग्रजीत याला पॉरपॉइझिंग म्हणतात. उपाय म्हणून स्प्रिंगं कडक केली की ड्रायव्हरच्या मणक्यांची वाट लागते. ८० फक्त तीन शर्यतींत उतरली. स्पेनमध्ये अँड्रेटी तिसरे आले, मग मोनाको, फ्रान्स, आणि संपलं. पुढे चॅपमन यांनी एकात एक अशा दोन चेसिसची ८८ केली: बाहेरची डाउनफोर्स थेट चाकांकडे नेणारी, आतली ड्रायव्हरला मऊ झुलवणारी. सुंदर कल्पना होती. १९८१ मध्ये तिला शर्यतीत उतरूच दिलं नाही.

लोटस ७८ च्या वेळी मॉडेल हललं आणि शोध लागला. लोटस ८० च्या वेळी गाडी हलली आणि शोध बुडाला. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता: जे आपण स्थिर धरून चाललोय, ते खरंच स्थिर आहे का? टनेलमध्ये हा प्रश्न विचारणं सोपं होतं, कारण मॉडेल डोळ्यांसमोर लोंबत होतं. ताशी अडीचशे किलोमीटरनं धावणाऱ्या गाडीखाली डोकं घालता येत नाही, आणि तेव्हा आजच्यासारखे सेन्सरही नव्हते. शिवाय ८० च्या वेळी लोटस जगज्जेती होती. जिंकणाऱ्या माणसाला वाकडं रीडिंग दिसलं तरी ते आपलं वाटत नाही.

मग सगळे शहाणे झाले असतील? १९८३ पासून तळ सपाट ठेवण्याची सक्ती आली आणि बोगद्यांचं ज्ञान हळूहळू निवृत्त झालं. २०२२ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये नियमांनीच बोगदे परत आणले. फेब्रुवारीत बार्सिलोनाच्या पहिल्या सरावात एकामागून एक गाड्या उसळायला लागल्या. त्याआधी सलग आठ वर्षं संघांचं विजेतेपद घेणाऱ्या मर्सिडीजचे तर फार हाल झाले. जूनमध्ये बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टन पाठ धरून गाडीतून उतरले, ते जगानं पाहिलं. कारण पुन्हा तेच. नियमानुसार टनेलमध्ये जास्तीत जास्त साठ टक्के मापाचं मॉडेल आणि सेकंदाला पन्नास मीटरपर्यंतचा वारा. आणि मॉडेल असतं तिथे दांड्यावर पकडलेलं, स्प्रिंगांवर मोकळं नाही. न उसळणाऱ्या मॉडेलला उसळी कशी कळणार? शेवटी शर्यतींचे नियम करणाऱ्या एफआयए या संस्थेनं उसळीचं माप ठरवून मर्यादा घातली आणि २०२३ साठी तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर घ्यायला लावल्या. २०२२ मध्ये २२ पैकी १७ शर्यती जिंकणाऱ्या रेड बुलचे तेव्हाचे मुख्य तांत्रिक अधिकारी एड्रियन न्यूई यांनी १९८० मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातून पदवी घेतली होती. त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय होता, ग्राउंड इफेक्ट.

आता आपल्या मुलांच्या गाडीकडे. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर, जिथे फॉर्म्युला भारत ही विद्यार्थ्यांची स्पर्धा होते, तिथे या गाड्यांचा वेग फारसा नसतो. स्किडपॅड नावाच्या, आठाच्या आकड्यासारख्या वाटेवरच्या चाचणीत आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर आणि वाट ३ मीटर रुंद. एक फेरी पाच सेकंदांत झाली, तर वेग ताशी ४१ किलोमीटरच्या आसपास येतो. त्या वेगाला वाऱ्याचा दाब भरतो ८० पास्कल. पंख आणि तळ मिळून डाउनफोर्सचा गुणांक गुणिले क्षेत्रफळ ३ चौरस मीटर धरलं, तर डाउनफोर्स २४ किलो. ड्रायव्हरसकट २८० किलोच्या गाडीला हे साडेआठ टक्के झाले. फेरीत फायदा एक ते दोन दशांश सेकंद, आणि पंखांचं वजन, टायरची सवय यांनी त्यातलंही थोडं खाऊन टाकलं. पाच सेकंदांच्या फेरीत दोन दशांश म्हणजे तरीही मोठा घास. लावायचं की नाही, हे अशा हिशेबानं ठरवावं. फॉर्म्युला वनच्या गाडीचं चित्र बघून ठरवू नये.

मी ज्या पुण्यातल्या संघाला मदत करतो, त्यांनी हिशेब करून काचतंतूचा तळ बनवला. एक चौरस मीटरच्या आसपास, पातळ, हलका. संगणकावरचे रंगीत नकाशे झकास होते. चाचणीनंतर तळ उलटा केला, तर मधोमध घासल्याच्या खुणा. कडा कोऱ्या. मुलांनी आधी स्पीडब्रेकरला दोष दिला, मग ड्रायव्हरला. त्यातली एक मुलगी मात्र खुणांकडे पाहत बसली.

तिनं हिशेब केला. ताशी ५० किलोमीटरला या तळावर ओढा फार तर दहा-बारा किलोचा. एवढाच? मग मेसमधून तांदळाच्या पाच पाच किलोच्या दोन पिशव्या आणल्या, तळ गाडीवर होता तसा बसवला, पिशव्या मध्यभागी ठेवल्या आणि खालून डायल गेज लावला. काटा फिरत फिरत ९ मिलिमीटरवर थांबला. गाडी उभी असताना जमिनीपासून जागा ठेवलेली ३० मिलिमीटर. जवळजवळ तिसरा हिस्सा तिथेच संपला. संगणकातला तळ अर्थात एका केसाइतकाही हललेला नव्हता, कारण तो हलू शकतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा चेसिसपासून तळाच्या मध्यापर्यंत सायकलच्या ब्रेकच्या दोन तारा ताणून बांधलेल्या होत्या, आणि ती पिशव्या परत ठेवत होती. लोटसची गोष्ट मी तोवर त्यांना सांगितली नव्हती.